मी, परदेशी जोडीदार

नंदुरबारात तहसील कचेरीजवळ माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा, नॉन-क्रीमीलेअर, वारस नोंद, निराधारचा अर्ज, हयातीचा दाखला... कुठल्या कागदाला कुठला कागद जोडायचा हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यातून आमचा जिल्हाही साधासुधा नाही. १ जुलै १९९८ला तो धुळ्यातून वेगळा झाला, आणि २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यासाठी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी खेड्यापर्यंत आले होते. सव्वाशे कोटींची ओळख ज्या जिल्ह्यातून सुरू झाली, त्या जिल्ह्यातला मी दाखलेवाला. लग्नानंतर मला ब्रिटनला नेण्याचा विषय निघाला आणि बायको म्हणाली, 'तिकडचा एखादा वकील बघू या,' तेव्हा मी नुसता हसलो. अर्ज मी भरणार! वकिलाला कशाला पैसे?

ते हसू पुढं फार महागात पडलं.

आधी ही कोण ते सांगायला हवं. तिचे वडील शहादा तालुक्यातले, तरुणपणी इंग्लंडला गेले, लेस्टरला स्थायिक झाले. ही तिथंच जन्मली. लहानपणच्या मणक्याच्या आजारानं पाय अधू झाले, व्हीलचेअर आली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला ती चुलत्यांबरोबर माझ्याकडं आली. म्हणजे, आली असती. माझं केंद्र तेव्हा पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. दिव्यांगांचे अर्ज मी खाली जिन्यापाशी खुर्ची टाकून भरायचो आणि त्याला 'घरपोच सेवा' म्हणायचो. तिनं जिन्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, 'इथं दिव्यांगांची कामं होतात असा बोर्ड लावलाय. तो त्यांनी खालूनच वाचायचा का?' दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे, जिना त्याच्या आधीचा, असं मी सांगितलं. ती हसली. तिथून पुढं वारस नोंद बराच काळ रेंगाळली. त्यात दोष तलाठ्याचा नव्हता.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली केलं. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं हवं, मग नोटीस, ती फलकावर लागणार, पुन्हा ३० दिवस हरकतींची वाट पाहायची. फलकावरच्या नोटिसा फक्त नवरा-नवरी वाचतात असा माझा अनुभव होता. आमची मात्र अख्ख्या तालुक्यानं वाचली. हरकत लेखी कुणी घेतली नाही. तोंडी सगळ्यांनी घेतली.

त्यातली मोठी हरकत मामांची.

"पोरगी काय करस?" मामांनी विचारलं.

"लायब्ररीत अर्धा वेळ नोकरी. शिवाय सरकार भत्ता देतं."

"कशाना?"

"अपंगत्वाचा."

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "म्हंजे सरकार तिले पोसस, आनि ती तुले पोसी?"

"तसं नाही मामा, तिकडचा नियम..."

"मंग तू काय करशी?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि पुढं व्हिसाच्या अर्जातही नीट देता आलं नाही.

आईचं दुःख वेगळं होतं. लग्नाआधी ही आमच्याकडं मुक्कामाला आली, तर परदेशी पाहुणी घरी उतरली म्हणून २४ तासांच्या आत 'फॉर्म सी' भरून पोलिसांना कळवावं लागलं. मी तो हौसेनं भरला. आई म्हणाली, "सुनेनं माप ओलांडायच्या आधी पोलिसांत नाव?"

आता मामांना जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. ब्रिटनच्या नागरिकाला परदेशी नवरा किंवा बायको आणायची तर आधी कमाई दाखवावी लागते. २०१२ साली ही अट वर्षाला १८,६०० पौंडांची होती. ११ एप्रिल २०२४पासून ती २९,००० पौंड झाली. आपल्या रुपयांत तीस लाखांच्या वर. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा काढला. दर वेळी तेवढाच आला. आणि यात माझी कमाई धरायचीच नाही. इथलं केंद्र बंद करून जायचं, म्हणजे केंद्राचं उत्पन्न संपलं. गावात 'साहेब' म्हणवून घेणारा मी त्या फॉर्मात शून्य होतो.

पण एक दार आहे. आणणाऱ्या माणसाला पीआयपीसारखा अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल, तर २९,००० पौंडांची अट लागत नाही. त्याऐवजी साधा हिशेब: हातात येणारं उत्पन्न, त्यातून घरभाडं वजा, आणि जे उरेल ते तिथल्या सरकारनं गरीब जोडप्यासाठी ठरवलेल्या किमान रकमेइतकं हवं. ती रक्कम आठवड्याला दीडशे पौंडांच्या आतबाहेर. हिचा अर्धवेळ पगार आणि भत्ता मिळून गणित बसत होतं. मी टाळी वाजवली. मग माझ्यातला दाखलेवाला जागा झाला.

पीआयपी म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. २०१३पासून तिकडं जुन्या भत्त्याच्या जागी तो आला. त्यात तुमचं उत्पन्न विचारत नाहीत. नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. विचारतात ते एवढंच की काय काय जमत नाही: साधा स्वयंपाक, जेवण, अंघोळ, कपडे घालणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशांचे निर्णय, एकट्यानं प्रवास, चालणं. प्रत्येकाला गुण. ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव. चालण्याच्या प्रश्नात २० मीटर आणि ५० मीटर असे टप्पे आहेत. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते निराधारचं.

आमची संजय गांधी निराधार योजना १९८०ची. दिव्यांगांना त्यात किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. वर्षाला, महिन्याला नव्हे. म्हणजे दिव्यांग माणसानं चार पैसे कमवायला सुरुवात केली की अनुदान धोक्यात. मी असे अर्ज भरून भरून तरबेज झालोय. समोरचा बिचारा म्हणतो, 'बरं चाललंय भाऊ, शेळ्या आहेत दोन.' मी लिहितो, 'अत्यंत हलाखीची परिस्थिती.' तो म्हणतो, 'अहो, शेळ्या...' मी म्हणतो, 'शेळ्यांचं नाव काढू नका.' ही माझी शैली. या शैलीवर माझा प्रपंच चालतो.

घोळ असा झाला की इथं मी दुसरीच शैली वापरली.

अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं, आमचं नातं खरं आहे आणि संसार कसा चालेल ते सांगणारं. मला वाटलं, ब्रिटनच्या साहेबाला बायकोचं कौतुक वाचायला आवडेल. या कौतुकाचा जो एकमेव नमुना मला पाठ होता तो म्हणजे स्थळाचा बायोडाटा. मी रात्रभर बसून, डिक्शनरी उघडून, इंग्रजीत लिहिलं: पत्नी सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वहस्ते. पुरणपोळीत विशेष प्रावीण्य. पर्यटनाची आवड, तोरणमाळचा घाट लीलया चढली. सासू-सासऱ्यांची सेवा. पतीचा सांभाळ करण्यास सर्वतोपरी समर्थ. खाली सही, तारीख, आणि सवयीनं शिक्का.

पीडीएफ तिला पाठवली आणि कौतुकाची वाट पाहत बसलो. फोन आला.

"हे अपलोड केलंस?"

"अजून नाही. सकाळी करतो."

"नशीब." तिनं एक मोठा श्वास घेतला. "माझ्या भत्त्याची फेरतपासणी चालू आहे. त्या फॉर्मात मी लिहिलंय की गॅसवरचं गरम भांडं मला उचलता येत नाही. आणि तू मला पुरणपोळ्या लाटायला बसवलंस. त्या दिवशी पोळ्या कुणी केल्या होत्या?"

"आईनं."

"आणि तोरणमाळ?"

"जीपनं."

"जीपचं कुठंच लिहिलेलं नाही."

मी म्हणालो, "अगं, पण एका खिडकीवर तुला काही जमत नाही असं दाखवायचं, आणि दुसऱ्या खिडकीवर तू नवरा पोसू शकतेस असं. मी दुसऱ्या खिडकीचं लिहिलं."

"मला भांडं उचलता येत नाही हे खरं आहे. माझ्या पगारातून आणि भत्त्यातून भाडं देऊन दोघांचं भागेल हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. तू खोटं तेवढं लिहिलंस."

यावर काय बोलणार? मी पत्र फाडलं. म्हणजे डिलीट केलं. पण फाडल्यासारखं केलं. नवं पत्र तिनं लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. भाडं इतकं, पगार इतका, भत्ता इतका, घर एका बेडरूमचं आणि घरमालकाची हरकत नाही. माझ्याबद्दल एक ओळ: नवरा काम शोधील. एवढ्यात संपलं. या व्यवसायात इतकी वर्षं घालवून मी एवढा कोरडा आणि एवढा बिनतोड कागद पाहिलेला नव्हता, आणि माझा मत्सर अजून गेलेला नाही.

बरं, भत्त्याची तिकडं खैरात चालते असं कुणी समजू नये. २०२५मध्ये तिथल्या सरकारनं पीआयपीचे निकष आवळायचं ठरवलं होतं. स्वपक्षाचेच खासदार उलटल्यावर तो भाग मागं घेतला. आणि माझ्या व्हिसावर अट अशी की सरकारी मदतीला हात लावायचा नाही. म्हणजे उद्या मी दिवसभर हिची काळजी घेत बसलो, तर काळजी घेणाऱ्याला तिकडं जो भत्ता असतो तो मला नाही. मामांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा समाधानानं हसले. त्यांच्या मते त्या सरकारला माणसं ओळखता येतात.

त्यानंतर नात्याचे पुरावे. फोटो आणि बोलणी. लग्नाच्या फोटोत मी एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला, मधे सगळी भावकी. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतला एक फोटो बरा होता, पण त्यात घोडाच जास्त आलाय. आम्ही दोघं त्याच्या मागच्या पायांशी आहोत. काठीच्या राजवाडी होळीतल्या फोटोत मोरपिसांचे टोप घातलेले लोक स्पष्ट, ही अर्धी, मी नाहीच, कारण फोटो मी काढला होता.

बोलण्याचे पुरावे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा संवाद काढला. वाचायला बसलो आणि घाम फुटला. 'पीडीएफ पाठव.' 'अस्पष्ट आहे.' 'परत स्कॅन कर.' 'फाइल दोन एमबीच्या आत हवी.' 'झाली का?' 'झाली.' 'ओके.' महिनोन् महिने हेच. मधे एकदा तिनं लिहिलं होतं, 'तुझी आठवण येते.' त्याखाली माझं उत्तर: 'नोंद घेतली.' मी विनोद केला होता हो! पण विनोद आहे हे साहेबाला कोण सांगणार? घाबरून मी रोज प्रेमाचे मेसेज टाकू लागलो. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिनं कळवलं की 'संदर्भ : आपला कालचा संदेश' अशी सुरुवात प्रेमपत्रात करत नाहीत, आणि जे आहे तेच पाठवू, कारण नवरा-बायको असंच बोलतात.

मग मुख्य अर्ज. त्यात एका पानावर विचारतात की तुम्ही कधी दहशतवाद, युद्धगुन्हे असल्या कशात सामील होतात काय. मी 'नाही'वर टिचकी मारणार, तेवढ्यात आजोबा आठवले. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारात निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. त्या मोर्च्याच्या शेपटाला आपण होतो असं आजोबा आयुष्यभर सांगत आले. झेंडा हातात होता की नाही यावर त्यांची साक्ष दर १५ ऑगस्टला बदलायची, पण मोर्चा ब्रिटिश सरकारविरुद्ध होता याबद्दल शंका नव्हती. आता त्याच सरकारच्या फॉर्मात हे लपवायचं? मी 'इतर माहिती'च्या चौकटीत आजोबांवर एक परिच्छेद लिहिला. बायकोनं तो खोडला. प्रश्न तुझ्याबद्दल आहे, आजोबांबद्दल नाही, म्हणाली. आजोबांना मात्र त्याचं वाईट वाटलं असतं. सरकारदरबारी नोंद व्हायची त्यांची ती शेवटची संधी होती.

इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. नवरा-बायकोसाठी सगळ्यात खालची, ए-वन पातळीची, नुसती बोलण्या-ऐकण्याची. जळगावच्या विद्यापीठाची माझी पदवी मराठीतली, तिचा उपयोग नाही. मला वाटलं, इंग्रजी आपण रोजच लिहितो. लिहितो खरं, पण प्रतिज्ञापत्रात. परीक्षेत दोन उमेदवार समोरासमोर बसवतात. माझ्या समोर आणंदची एक नवी नवरी होती. आवडीच्या फळांवर बोला म्हणाले. ती चटकन म्हणाली, "आय लाइक मँगो. यू?" मी घसा खाकरून म्हणालो, "आय डू हियरबाय सॉलेम्नली अफर्म दॅट आय ऑल्सो लाइक मँगो." परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. नवरीनं मान डोलावली; तिला बहुधा वाटलं की महाराष्ट्रात आंबा असाच मागतात. पास झालो. का, ते विचारायला मी थांबलो नाही.

पुढं क्षयाची तपासणी. भारतातून सहा महिन्यांहून जास्त मुदतीसाठी जाणाऱ्याला ती सक्तीची. मुंबईला जाऊन छातीचा एक्स-रे काढायचा. आता माझ्या बुद्धीची कमाल पाहा: मुहूर्त काढला तो ऐन मिरचीच्या हंगामातला. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी. हंगामात शहराच्या कडेनं पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा फिरला की अख्खं गाव खोकतं. आदल्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या कागदांसाठी मी पथारीवर गेलो होतो. मुंबईच्या दवाखान्यात शिरलो तोच ठसका घेऊन. तिथल्या बाईंनी विचारलं, "खोकला किती दिवस आहे?" मी म्हणालो, "गावालाच आहे." बाई दोन पावलं मागं सरकल्या. मिरचीचं सगळं अर्थशास्त्र सांगितल्यावर त्यांनी एक्स-रे काढला. फुप्फुसं स्वच्छ निघाली.

शेवटी बोटांचे ठसे. केंद्रावर आधारचं काम चालायचं तेव्हा ऊसतोड करणारी, मिरची खुडणारी माणसं यायची. त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असायच्या, ठसे उमटायचे नाहीत. मी त्यांना खेकसायचो, 'घासा अंगठा! दाबा! नीट ठेवा!' अर्ज घेणाऱ्या केंद्रात माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा काही केल्या उमटेना. जन्मभर कागद उलटून अंगठा गुळगुळीत झाला होता. समोरचा पोरगा फार सभ्य होता. म्हणाला, "सर, हात धुऊन या, सावकाश ठेवा, घाई नाही." त्याच्या त्या सभ्यपणानं मी जेवढा ओशाळलो तेवढा खेकसण्यानं ओशाळलो नसतो.

मधल्या काळात पैशाची चणचण भासू लागली तसा मला आपला एक शासन निर्णय आठवला. दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तीनं लग्न केलं तर महाराष्ट्र सरकार प्रोत्साहन देतं. २०१४ साली योजना आली तेव्हा ५०,००० रुपये होते: २५,००० बचत प्रमाणपत्रात, २०,००० रोख, ४,५०० संसाराच्या सामानाला आणि ५०० रुपये समारंभाला. पाचशे रुपयांत समारंभ कसा करायचा हे निर्णयात नाही. तरीही असे अर्ज मी लोकांचे भरलेत, तेव्हा स्वतःचाही भरला. दिव्यांग व्यक्ती महाराष्ट्राची रहिवासी हवी, या अटीपाशी मीच अडकलो. माझ्याच हातांनी भरलेला अर्ज माझ्याच नियमानं बाद झाला. बायको म्हणाली, "एवढं तरी नियमात बसलं."

व्हिसा आला. ३३ महिन्यांचा. मग मुदतवाढ, मग पाच वर्षं झाल्यावर कायमचा अर्ज, म्हणजे हे सगळं पुन्हा. २०२५च्या दरानं अर्जाची फी १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड, एकूण ५,०४३. मामांना रुपयांत सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यात सारंगखेड्याला घोडा आला असता. खरंच आला असता, आणि त्याला इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागली नसती.

होळी झाली की मी निघतोय. केंद्र भाच्याकडं देतोय आणि ते तळमजल्यावर हलवलंय. भाडं जास्त आहे, पण बोर्ड खोटा ठरत नाही. परदेशी जोडीदाराच्या अर्जाचं काम असेल तर निःसंकोच या. मूळ कागद आणा, दोन झेरॉक्स आणा, भत्त्याचं पत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणा. स्थळाचा बायोडाटा मात्र घरीच ठेवा. केंद्र सकाळी दहाला उघडतं, शनिवारी अर्धा दिवस.